गेमिंग कन्सोलवर लिनक्स: कंपनीने दिलेलं आणि लोकांनी घेतलेलं

जुनाट_जॉयस्टिक (धागाकर्ता)

जुन्या कन्सोलचं काय करायचं या गप्पांमध्ये मी "लिनक्स (फुकट, मुक्त संगणकप्रणाली) टाका" असं लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "टाकता येतं? कंपनी टाकू देते?" तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

टाकता येतं. कंपनी टाकू देते का, याचं उत्तर जरा लांबलचक आहे.

सोनीने ते स्वतःहून दोनदा दिलं होतं. पहिल्यांदा पीएस२ (प्लेस्टेशन २) वर. २००२ साली अमेरिका-युरोपात 'लिनक्स फॉर प्लेस्टेशन २' नावाचा किट विकायला आला (जपानात आदल्या वर्षी). १९९ डॉलरमध्ये ४० जीबीची हार्ड डिस्क, नेटवर्क अडॅप्टर, कीबोर्ड, माउस, मॉनिटरची केबल आणि दोन डीव्हीडी. पीएस२ चा प्रोसेसर २९४ मेगाहर्ट्झचा आणि मेमरी ३२ एमबी, त्यामुळे ब्राउझर उघडला की यंत्र धापा टाकायचं. वर अटी: मॉनिटर सिंक-ऑन-ग्रीनवाला (हिरव्या रंगाच्या सिग्नलमधूनच चित्राची जुळवणी घेणारा) हवा, आणि किटची डीव्हीडी ड्राइव्हमध्ये असल्याशिवाय बूट नाही. तुम्ही त्यावर गेम लिहिलात तर तो फक्त ज्याच्याकडे हाच किट आहे त्याच्याकडे चालणार. शिका हवं तेवढं, पण आमच्या बाजारात गाळा मागू नका, असा एकूण सूर.

दुसऱ्यांदा पीएस३ वर, २००६ मध्ये. इथे तर किटही नको. सेटिंग्जमध्येच 'अदरओएस' नावाचा पर्याय होता. डिस्कचे १० जीबी लिनक्सला किंवा १० जीबी गेमला, अशी वाटणी करायची आणि यलो डॉग, फेडोरा, उबुंटू, लिनक्सचा हवा तो अवतार टाकायचा. फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० कर्नलपासून (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा) पीएस३ चा आधार मूळ लिनक्समध्येच आला, आणि त्या कामात सोनीची स्वतःची माणसं होती.

पण सगळं यंत्र हातात नव्हतं. लिनक्सच्या खाली सोनीचा हायपरव्हायझर, म्हणजे प्रणालीवर पहारा ठेवणारा थर, बसलेला असायचा. ग्राफिक्स चिपचं थ्रीडी बंद, फक्त साधा फ्रेमबफर (पडद्यावरचं चित्र ठेवायची मेमरी). सेल प्रोसेसरच्या आठ एसपीईंपैकी (गणितं करणारे छोटे गाभे) एक कारखान्यातच बंद, एक हायपरव्हायझरकडे राखीव, उरलेल्या सहा आपल्या. मुख्य मेमरी २५६ एमबी. ग्राफिक्स चिपची आणखी २५६ एमबी नुसती पडून, म्हणून लोकांनी ड्रायव्हर लिहून तिचाच स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची जादा जागा) केला. या जुगाडाचं मला आजही कौतुक वाटतं.

ऑगस्ट २००९ मध्ये पीएस३ स्लिम जाहीर झाला, त्यात अदरओएस नव्हतं. मग १ एप्रिल २०१० ला ३.२१ फर्मवेअर (यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) आलं आणि जुन्या जाड पीएस३ मधूनही ते काढून टाकलं. अपडेट ऐच्छिक होतं म्हणे. पण नाही केलं तर ऑनलाइन खेळणं बंद, नवे गेमही हळूहळू बंद. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतली सोय विक्रीनंतर काढून घेतली. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. तो वर्षानुवर्षं रेंगाळला आणि २०१८ च्या तडजोडीत सोनीने ३७.५ लाख डॉलर बाजूला ठेवले. त्यात वकिलांची फी आली आणि हजारो दावेदार आले, म्हणजे माणशी काय पडलं असेल त्याचा हिशेब तुम्हीच करा.

आता दुसरी बाजू. मायक्रोसॉफ्टचा मूळ एक्सबॉक्स, निन्टेन्डोचे वी आणि स्विच. यांपैकी एकावरही कंपनीने लिनक्स दिलं नाही. लोकांनी फट शोधून घातलं आणि ते आजही तिथे चालतं. माझं म्हणणं असं की अधिकृत लिनक्सवाला हा भाडेकरू असतो. मालकाची मर्जी फिरली की सामान रस्त्यावर. कन्सोलवर मुक्त प्रणाली हवी असेल तर कंपनीच्या औदार्यावर विसंबू नये. मतं येऊ द्यात.

चकलीबहाद्दर

पहिला! वाखुसा (वाचनखूण साठवली).

एक बाळबोध शंका. एवढा खटाटोप करून पुढे काय? मी आजवर जे बघितलंय त्यात लोक कन्सोलवर टर्मिनल उघडतात, फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात आणि यंत्र परत कपाटात. (दिवा घ्या.)

पेंग्विनवाडी

चकलीबुवा, तुमच्या टीव्हीला रास्पबेरी पाय (छोटा संगणक) लावून त्यावर कोडी (सिनेमे-गाणी चालवायचं सॉफ्टवेअर) चालवता असं तुम्हीच एकदा लिहिलं होतंत. त्या कोडीचं जुनं नाव एक्सबीएमसी, म्हणजे 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर'. कुलूप तोडलेल्या पहिल्या एक्सबॉक्ससाठीच ते लिहिलं गेलं. पुढे ते पीसीवर आलं, लिनक्सवर आलं, आणि २०१४ मध्ये नाव बदललं. कन्सोल केव्हाच मागे पडला.

दुसरं उदाहरण पेटिटबूट. पीएस३ वर कोणती प्रणाली सुरू करायची ते गेमपॅडने निवडता यावं म्हणून लिहिलेला हा बूटलोडर. तोच पुढे आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवाल्या सर्व्हरवर गेला. लाखो रुपयांच्या सर्व्हरचा बूट मेनू मुळात सोफ्यावर बसून वापरायला केला होता, हे आमच्या डेटा सेंटरमधल्या लोकांना सांगितलं की ते आधी हसतात आणि मग शोधून बघतात.

आणि क्लस्टर! मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ केंद्रात गौरव खन्ना या भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ च्या सुमारास काही पीएस३ एकत्र जोडून कृष्णविवरांची गणितं केली. ते बघून अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी १,७०० हून अधिक पीएस३ जोडून 'काँडॉर' नावाचा महासंगणक उभा केला. कारण सरळ होतं. सोनी सुरुवातीला कन्सोल तोट्यात विकून पैसे गेमवर काढायची. तुम्ही गेम न घेता नुसते कन्सोल घेतलेत तर तो तोटा म्हणजे तुम्हाला मिळालेलं अनुदान. सोनीला हे गिऱ्हाईक फार प्रिय असेल असं वाटत नाही.

गंमत म्हणजे काँडॉर सुरू झाला २०१० च्या शेवटी, अदरओएस काढल्यानंतर. जुन्या फर्मवेअरचे कन्सोल आधीच घेऊन ठेवले होते म्हणून जमलं. ते इंटरनेटवर खेळायला जाणार नव्हते, त्यामुळे अपडेटचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो बिघडलेल्या यंत्रांचा, कारण दुरुस्तीहून परत येताना ते नवं फर्मवेअर घेऊन येणार.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण धागाकर्त्याने एक पान गाळलंय असं वाटतं. ३.२१ अचानक आभाळातून पडलं नाही.

जानेवारी २०१० मध्ये जिओहॉटने (जॉर्ज हॉट्झ, आयफोनचं कुलूप तोडणारा तोच) पीएस३ चा हायपरव्हायझर फोडला. कशातून? अदरओएसमधून! लिनक्समध्ये कर्नल मॉड्यूल चालवून हायपरव्हायझरला मेमरी सोडायला सांगायची आणि नेमक्या त्या क्षणी बाहेरून मेमरी बसवर काही नॅनोसेकंदांचा विजेचा धक्का द्यायचा. हायपरव्हायझरच्या हिशेबी मेमरी सुटलेली, प्रत्यक्षात ती लिनक्सच्या ताब्यात. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांत अदरओएस गेलं. घराचं जे दार चोराने वापरलं ते मालकाने बंद केलं, तर त्यात नवल काय? सोनीने सुरक्षेचं कारण दिलं होतं आणि ते खोटं नव्हतं.

जुनाट_जॉयस्टिक (धागाकर्ता)

शंकासुर, तारखा बरोबर आहेत. पण दोन गोष्टी त्यांच्या शेजारी ठेवून बघा.

एक, स्लिममधून अदरओएस गेलं ते ऑगस्ट २००९ मध्ये, म्हणजे हॉट्झच्या आधी. तेव्हा कोणतं दार फुटलं होतं?

दोन, दार बंद केल्यावर काय झालं? ऑगस्ट २०१० मध्ये यूएसबी डोंगल बाजारात आलं, ज्याने चोरीचे गेम चालू लागले. त्याला अदरओएस लागतच नव्हतं. मग डिसेंबरमध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने सगळं वस्त्रहरणच केलं. सोनी आपल्या सॉफ्टवेअरवर ईसीडीएसए पद्धतीने डिजिटल सही करायची. या पद्धतीत प्रत्येक सहीला नवा यादृच्छिक आकडा लागतो. सोनी दर वेळी तोच वापरत होती! दोन सह्या घ्या, शाळकरी बीजगणित करा, गुप्त किल्ली हातात. याच भाषणात त्यांनी मांडलं की बाकीचे कन्सोल वर्षभरात किंवा त्याच्या आसपास फुटले आणि पीएस३ चार वर्षं टिकला, कारण ज्यांना खरंच कोडं सोडवता येतं त्यांना लिनक्स आधीच मिळालेलं होतं. ते काढून घेतल्यावर ते कामाला लागले.

शंकासुर

हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण मांडतंय कोण? फोडणारेच. "आम्हाला खाऊ दिला असतात तर आम्ही काच फोडली नसती." चार वर्षं टिकण्याचं श्रेय हायपरव्हायझरच्या रचनेलाही जातं, ते का नको मोजायला? आणि एकच आकडा पुन्हा पुन्हा वापरण्याची चूक अदरओएस असतानाही तिथेच होती. कुणीतरी कधीतरी बघितलीच असती.

स्लिमचा मुद्दा मात्र मान्य. ती काटकसर होती, सुरक्षा नव्हे.

पेंग्विनवाडी

शंकासुर यांच्याशी अर्धा सहमत. पण एक भेद करायला हवा. कन्सोल फोडणाऱ्यांत दोन टोळ्या असतात. एकीला आपला कोड चालवायचा असतो, दुसरीला फुकट गेम हवे असतात. कौशल्य बहुतेक वेळा पहिलीकडे असतं आणि दुसरी ते उचलते. पहिलीला अधिकृत जागा दिली तर दुसरी लंगडी पडते, एवढाच फेलओव्हरफ्लोचा मुद्दा होता.

आपल्याकडे तर पहिली टोळी दिसलीच नाही. लॅमिंग्टन रोडवर 'चिप बसवलेला' पीएस२ मागितला की दुकानदार लगेच समजायचा. 'लिनक्स किट' म्हटलं असतं तर त्याने कोणता गेम आहे हा, असं विचारलं असतं.

नाक्यावरचा

+१. चिपवाला पीएस२ आणि चकाकत्या पिशवीतल्या डीव्हीड्या. बालपण.

कलमवाली

कायद्याचा विषय कुणीतरी काढेल म्हणून थांबले होते.

अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्याने कुलूप तोडणं हाच गुन्हा ठरतो, आत जाऊन चोरी केली नाही तरी. दर तीन वर्षांनी सवलती मागता येतात. फोन अनलॉक करायला, त्यात आपलं सॉफ्टवेअर घालायला सवलत मिळाली. कन्सोलसाठी २०१२ मध्ये मागणी झाली, ती फेटाळली गेली. युक्तिवाद साधारण शंकासुरांचाच होता, की चोरीचे गेम वेगळे काढता येत नाहीत.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ कलम आलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पण शब्द नीट वाचा: हक्कभंगाच्या 'हेतूने' तांत्रिक कुलूप तोडलं तर. स्वतःच्या मालकीच्या यंत्रावर मुक्त प्रणाली टाकण्यात तो हेतू कुठे आला? शिवाय ५२ व्या कलमात एका प्रोग्रामची दुसऱ्याशी सांगड घालण्यासाठी लागणारी माहिती मिळवायला मोकळीक आहे. कन्सोल आणि लिनक्स यावर आपल्याकडच्या न्यायालयाचा निकाल माझ्या वाचनात नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नये, वाचन समजावं. आणि वॉरंटी हा वेगळा विषय. ती जाते.

कोथरूडची_मावशी

मला यातलं निम्मं कळत नाहीये, तरी वाचते आहे. आमच्याकडे मुलगा अमेरिकेहून परत आला तेव्हाचा एक पांढरा वी पडून आहे. भाचा बारावीनंतरच्या सुट्टीत त्यावर लिनक्स टाकू म्हणतोय. टाकू देऊ का? बिघडला तर माझ्या डोक्याला ताप नको.

पेंग्विनवाडी

मावशी, खुशाल टाकू द्या. वी हा या खेळातला सगळ्यात गरीब गाय स्वभावाचा कन्सोल. भाच्याला हे दाखवा.

सिस्टिम मेनू ४.३ असेल तर 'लेटरबॉम्ब' वापरायचं. वी चा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) लेटरबॉम्बच्या संकेतस्थळावर द्यायचा, मिळालेली फाइल एसडी कार्डावर टाकायची, वी च्या संदेशफलकावर बॉम्बचं चित्र असलेलं लाल पाकीट दिसतं ते उघडायचं. पाकीट उघडलं की होमब्रू चॅनेल (लोकांनी लिहिलेले, कंपनीबाहेरचे प्रोग्राम चालवणारा मेनू) बसवायचा पर्याय येतो. सोबत बूटमी हे बॅकअपचं साधन येतं. लिनक्सचा विचार करायच्या आधी बूटमीतून आतल्या ५१२ एमबी नँड मेमरीचा बॅकअप एसडी कार्डावर घ्यायचा आणि ती फाइल संगणकावर उतरवून ठेवायची. हे टाळून पुढे गेला तर कान धरा. जुन्या वी मध्ये बूटमी अगदी सुरुवातीच्या पायरीवर, बूट२ मध्ये बसतं, मग काहीही बिघडलं तरी परत आणता येतं. नंतरच्या यंत्रांत निन्टेन्डोने ती जागा बंद केली. कोणतं आहे ते बसवणारा प्रोग्रामच सांगतो.

प्रणाली कोणती? वी मध्ये ७२९ मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी प्रोसेसर आणि २४ अधिक ६४ एमबी मेमरी. वी साठीचं जुनं लिनक्स आहे, पण मी सांगेन नेटबीएसडी, लिनक्ससारखीच दुसरी मुक्त प्रणाली. २०२४ मध्ये वी चं पोर्ट (वी वर चालणारी आवृत्ती) थेट नेटबीएसडीच्या मूळ कोडमध्ये आलं, त्यामुळे ते कुणा एकट्याच्या उत्साहावर जगत नाही. एका पठ्ठ्याने २०२५ मध्ये आपला ब्लॉगच वी वर ठेवला होता. बारावीच्या मुलाला एवढं पुष्कळ झालं.

जुनाट_जॉयस्टिक (धागाकर्ता)

वी चा इतिहासच वाचण्यासारखा आहे. वी गेमक्यूबचे गेम चालवायचा, तेव्हा मोठ्या मेमरीतला थोडाच भाग उघडा असायचा. उरलेल्यात आधीचा माल तसाच पडलेला. एका गटाने मदरबोर्डवरच्या पत्त्याच्या रेषांना चिमटा लावून खिडकी सरकवली आणि बाकीचा भाग वाचला. त्यात किल्ल्या निघाल्या. चिमट्यावरूनच गटाचं नाव 'ट्वीझर्स' पडलं.

पुढे सह्या तपासण्याच्या कोडमध्ये सापडलं की निन्टेन्डो हॅशची (फाइलवरून काढलेल्या ठशाची) तुलना अक्षरमाला जुळवायच्या फंक्शनने करतंय. ते फंक्शन शून्य दिसलं की थांबतं. म्हणजे हॅशचा पहिला बाइट शून्य आला की "जुळलं" असा निकाल. असा हॅश येईपर्यंत फाइलमध्ये फुटकळ बदल करत राहायचं, झालं. आणि २००८ मध्ये होमब्रू आत शिरलं ते 'ट्वायलाइट प्रिन्सेस' या झेल्डा मालिकेतल्या गेमच्या सेव्ह फाइलमधून. त्यात घोडीचं नाव प्रमाणाबाहेर लांब दिलं होतं, ते वाचताना गेम गडबडायचा आणि आपला कोड चालायचा.

बिट्टू_बायनरी

स्विचचं कुणी सांगेल का? माझ्याकडे ग्रे मार्केटमधून घेतलेला २०१७ चा आहे. उबुंटू चालतं असं ऐकलं.

पेंग्विनवाडी

बिट्टू, २०१७ चा असेल तर जपून ठेव. स्विचमध्ये एनव्हिडियाचा टेग्रा एक्स१ आहे. त्याच्या बूटरॉममध्ये (यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या कोडमध्ये) यूएसबी रिकव्हरीचा कोड आहे आणि त्यात संगणकाकडून आलेली लांबी न तपासता तेवढा मजकूर स्टॅकवर (चालू कामाच्या मेमरीत) उतरवला जातो, म्हणजे आपला कोड आत घुसवता येतो. एप्रिल २०१८ मध्ये ही चूक जाहीर झाली, 'फ्युझे जले' नावाने. बूटरॉम सिलिकॉनमध्ये कोरलेला, त्यामुळे विकलेल्या यंत्रांत निन्टेन्डोला अपडेटने काहीही करता येत नाही. नवी यंत्रं मात्र २०१८ च्या मध्यापासून दुरुस्त होऊन यायला लागली.

उजव्या जॉयकॉनच्या (बाजूला लागणाऱ्या कंट्रोलरच्या) खाचेतली ठरावीक पिन जोडून रिकव्हरीत जायचं. तारेचा तुकडा खुपसू नकोस, थ्रीडी प्रिंटेड जिग घे, स्वस्त असतो. मग हेकाटे बूटलोडर आणि एसडी कार्डावर स्विचरूट या गटाचं उबुंटू. ४ जीबी मेमरी आहे आणि थ्रीडी ड्रायव्हरही आहेत, जे पीएस३ वर कधी मिळाले नाहीत. याच यंत्रावर निन्टेन्डोच्या ऑनलाइन सेवेत जायचं असेल तर खात्यावर बंदी येऊ शकते, हे धरून चाल.

गावठी_गीक

सगळे होमब्रूच्या बाजूने बोलताय म्हणून दुसरी बाजू. एप्रिल २०२५ मध्ये वी च्या होमब्रू चॅनेलचं कोडभांडार त्याच्या कर्त्यांनीच बंद करून टाकलं. वी चे जवळपास सगळे होमब्रू प्रोग्राम 'लिबओजीसी' या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) उभे आहेत. तिच्यात निन्टेन्डोच्या एसडीकेतून (गेम बनवणाऱ्यांना दिलेल्या अधिकृत साहित्यातून) उतरवलेला कोड आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. पण थ्रेडिंगचा (एकाच वेळी अनेक कामं चालवायचा) भागही आरटीईएमएस या मुक्त प्रणालीतून घेतलाय आणि मूळ लेखकांची नावं पुसली आहेत, असं दिसल्यावर त्यांनी हात झटकले. आरटीईएमएसचा परवाना कोड वापरू देतो, पण मूळ लेखकांची नावं ठेवा म्हणतो. तेवढंही नाही.

शंकासुर

घ्या! कंपनीने दिलेलं काढून घेतलं म्हणून गळा काढायचा आणि इकडे दुसऱ्याच्या मुक्त कोडवरची पाटी पुसायची. धागाकर्ते, तुमचा भाडेकरू मालक झाला की असा वागतो का?

जुनाट_जॉयस्टिक (धागाकर्ता)

यावर बचाव नाही. एसडीकेचा कोड उचलणं एक वेळ समजू शकतं, तेव्हा दुसरा मार्ग दिसत नसेल. पण आरटीईएमएस तर फुकट होतं, नावासकट वापरलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

लिनक्स किंवा नेटबीएसडी वापरण्याच्या बाजूने मात्र हाच मुद्दा जातो. वी वरचं नेटबीएसडी होमब्रू चॅनेलमधून सुरू होत असलं तरी एकदा कर्नल उठला की लिबओजीसीचा संबंध उरत नाही. ड्रायव्हर कुणी लिहिले, कधी लिहिले, सगळं नोंदीत दिसतं. मावशी, भाच्याला सांगा की आधी बॅकअप, मग नेटबीएसडी. अडला तर त्याने इथेच विचारावं. कार्ड कोणत्या कंपनीचं आणि किती जीबीचं आहे ते आधी लिही म्हणावं, कारण वी अडतो तो बहुधा तिथेच.